बायपासमध्ये हृदय कसं जपतात: वॉर्डापासून आयसीयूपर्यंत, टप्प्याटप्प्याने

बायपास शस्त्रक्रियेतला मूळ पेच असा, की ज्या हृदयाला रक्त कमी पडतंय म्हणून छाती उघडायची, त्याच हृदयाचा उरलासुरला पुरवठाही आपण आपल्या हाताने बंद करतो. महाधमनीवर क्लॅम्प बसला की कोरोनरी धमन्यांत वरून रक्ताचा थेंब जात नाही. टाके पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर आणि कधी त्याहूनही जास्त, हीच स्थिती राहते. शरीराच्या तापमानाला आणि कुठलंही संरक्षण न देता २०-३० मिनिटं गेली की स्नायूच्या पेशी कायमच्या मरायला लागतात. तरीही क्लॅम्प निघाल्यावर बहुतेकांचं हृदय काही मिनिटांत पुन्हा चालू लागतं. मधल्या वेळात काय काय केलं जातं आणि ते कुठे फसतं, हे इथे क्रमाने मांडतोय.

लेख मुख्यतः हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत नव्याने येणाऱ्यांसाठी आहे: परफ्युजनचे (म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवण्याचे) विद्यार्थी, भूलशास्त्राचे आणि सर्जरीचे रेसिडेंट, स्क्रबला उभ्या राहणाऱ्या सिस्टर. रुग्णाच्या घरच्यांनाही वाचता येईल, मात्र त्यावरून औषधं बदलायची नाहीत. आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत आणि जिथे तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळं सांगत असेल तिथे प्रोटोकॉलच खरा.

नवा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "आपण कुठला प्लेजिया वापरतो?" प्लेजिया, म्हणजे कार्डिओप्लेजिया, हे हृदय थांबवून जपणारं द्रावण. विचारायला हरकत नाही, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या रुग्णाच्या हृदयाला ऑक्सिजनचा तोटा कुठल्या कुठल्या क्षणी होणार आहे? भूल दिल्यापासून क्लॅम्प लागेपर्यंतचा वेळ आणि क्लॅम्प काढल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं, या दोन ठिकाणी हृदय सहज दुखावतं, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. क्लॅम्पखालच्या वेळेवर निदान घड्याळ तरी लावलेलं असतं.

आधी जमाखर्च समजून घ्या

पूर्ण काम करणाऱ्या हृदयाचा १०० ग्रॅम स्नायू मिनिटाला साधारण ८ ते १० मिली ऑक्सिजन खातो. पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) घेऊन हृदय रिकामं केलं, पण धडधडत ठेवलं, तर हा खर्च ५ ते ६ मिलीवर येतो. तेच रिकामं हृदय फायब्रिलेशनमध्ये वळवळत असेल तर साडेसहाच्या आसपास, म्हणजे धडधडण्यापेक्षाही जास्त. आता ३७ अंशांवरच, अजिबात थंड न करता, हृदय पूर्ण थांबवलं तर खर्च उतरतो सुमारे १.१ मिलीवर. आणि थांबलेलं हृदय २२ अंशांपर्यंत थंड केलं तर ०.३ वर.

हे आकडे पाठ करून ठेवा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यांतूनच निघतात. जवळजवळ ९० टक्के बचत नुसत्या थांबवण्याने होते. थंड करण्याने त्यात थोडीच भर पडते. पण ती थोडी भर दोन डोसांमधल्या काळात चूक झाली तर हाताशी राहते. फायब्रिलेशन ही विश्रांती नव्हे. मॉनिटरवर ठोके दिसत नाहीत म्हणून निश्चिंत बसू नका.

पुरवठ्याच्या बाजूला एकच सूत्र: महाधमनीतला डायस्टोलिक दाब वजा डाव्या व्हेंट्रिकलमधला डायस्टोलच्या शेवटचा दाब. डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला रक्त मिळतं ते प्रामुख्याने डायस्टोलमध्ये. नाडी वाढली की डायस्टोल आखूड होतो, खर्चही वाढतो, दोन्हीकडून मार. व्हेंट्रिकल फुगला की आतला दाब वाढतो आणि भिंतीचा सगळ्यात आतला थर आधी उपाशी राहतो.

पायरी १: फाइल वाचताना काय शोधायचं

इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला व्हेंट्रिकल किती टक्के रक्त बाहेर टाकतो) सगळेच बघतात. तुम्ही आणखी चार-पाच गोष्टी बघा. महाधमनीची झडप गळते का? अगदी मध्यम गळती असली तरी पुढून (महाधमनीच्या मुळातून) दिलेला प्लेजिया कोरोनरीत जाण्याऐवजी व्हेंट्रिकलमध्ये उतरतो. जुन्या रक्तदाबामुळे स्नायू जाड झालाय का? जाड भिंतीच्या आतल्या थरापर्यंत द्रावण पोचायला जास्त वेळ आणि जास्त मात्रा लागते. लेफ्ट मेनचा (डाव्या कोरोनरीच्या मुख्य खोडाचा) अडथळा आहे का? उजवी कोरोनरी उगमाशीच बंद आहे का? एकोमध्ये कोरोनरी सायनस मोठा दिसतोय का? तसा दिसला तर डाव्या बाजूची जादा सुपीरियर व्हेना केव्हा असू शकते, आणि मग मागून (शिरांच्या वाटेने) प्लेजिया देण्याचा बेत फसतो. आधी एकदा बायपास झालाय आणि जुनी लिमा (ग्राफ्ट म्हणून जोडलेली, छातीच्या आतली डावी धमनी) चालू आहे का? यांतला प्रत्येक मुद्दा पुढे कुठे ना कुठे आडवा येणार आहे.

औषधांचं थोडक्यात. बीटा ब्लॉकर आणि स्टॅटिन चालू असतील तर शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत चालू ठेवतात. बीटा ब्लॉकर अचानक तोडला की नाडी उसळते. अॅस्पिरिन सहसा चालूच राहते. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, अर्थात तेवढी वाट बघण्याइतका रुग्ण स्थिर असेल तर. साखर १८० मिग्रॅच्या आत ठेवायची. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आताच सुधारायचं, कारण पंपाच्या प्रायमिंगमध्ये रक्त आणखी पातळ होणार आहे.

पायरी २: भूल देण्यापासून पंपापर्यंत

वरवर शांत वाटणारा हा टप्पा आहे. लेफ्ट मेनच्या रुग्णाला भूल देताना दाब घसरला, पाच मिनिटं तसाच राहिला आणि एसटी सेगमेंट खाली गेला, तर क्लॅम्प लागायच्या आधीच हृदयाची शिल्लक संपायला लागते. मग वर कितीही उत्तम प्लेजिया द्या, थकलेल्या स्नायूला तो पुरत नाही.

आर्टेरियल लाइन भूल देण्यापूर्वीच टाकलेली असावी. औषधं हळू आणि तोलून. नाडी ६० ते ८० च्या दरम्यान, डायस्टोलिक दाब रुग्णाच्या नेहमीच्या दाबाच्या जवळ. दाब पडला तर नॉरअॅड्रेनालिन किंवा फिनाइलएफ्रिनची भरलेली सिरिंज हाताशी हवी. शोधायला लागली म्हणजे उशीर झाला. सुरुवातीलाच ईसीजीची एक स्वच्छ पट्टी काढून ठेवा आणि अन्ननलिकेतून एको करून भिंतींची हालचाल नोंदवा. पंपावरून उतरताना "ही खालची भिंत आधीपासूनच हलत नव्हती का?" असा प्रश्न हमखास निघतो, आणि तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही.

लिमा काढताना छाती एका बाजूने उचललेली असते आणि हृदयावर दाब येऊ शकतो. दाबाचा आलेख अचानक बुटका झाला तर औषध ढोसण्याआधी सर्जनला रिट्रॅक्टर जरा सैल करायला सांगा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

पायरी ३: पंपावर गेल्यावर

हेपरिन किलोमागे ३०० ते ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, मग कॅन्युला जोडून पंप सुरू. फ्लो साधारण २.२ ते २.४ लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मीटर, सरासरी दाब ५० ते ८० मिमी पाऱ्याच्या दरम्यान. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

ज्याकडे दुर्लक्ष होतं ते म्हणजे हृदयाचा रिकामेपणा. व्हीनस कॅन्युला वाकडी बसली, ड्रेनेज अर्धवट झालं, आणि त्यातच रुग्णाला लवकर थंड केल्यामुळे हृदय फायब्रिलेशनमध्ये गेलं, तर डावा व्हेंट्रिकल रक्त बाहेर टाकू शकत नाही आणि फुगत जातो. म्हणून क्लॅम्प लागेपर्यंत रुग्णाला घाईने थंड करू नका. हृदय तोवर स्वतःच्या लयीत, रिकामं धडधडू द्या. व्हेंट (हृदय रिकामं ठेवणारी शोषक नळी) लागणार असेल, मग तो महाधमनीच्या मुळाशी असो की उजव्या वरच्या पल्मनरी व्हेनमधून, तर तो कधी सुरू होणार हे आधी ठरवा. सर्जनने हृदयाखाली हात घालून व्हेंट्रिकल मऊ आहे की टणक, हे मधूनमधून बघायलाच हवं. पल्मनरी आर्टरी कॅथेटर असेल तर तिथला चढता दाबही हेच सांगतो.

पायरी ४: क्लॅम्प आणि पहिला डोस

ही पायरी नीट झाली की बाकीचं सावरता येतं.

क्रम असा. परफ्युजनिस्ट पंपाचा फ्लो क्षणभर उतरवतो, महाधमनी मऊ पडते, सर्जन क्लॅम्प बसवतो, फ्लो पुन्हा पूर्ववत होतो. रूट व्हेंट बंद आहे याची तोंडी खात्री होते. तो चालू राहिला तर प्लेजिया कोरोनरीत न जाता सरळ सक्शनमध्ये जातो. मग "प्लेजिया सुरू" अशी हाक, आणि प्रतिहाक.

पुढून दिलेला पहिला डोस ब्लड प्लेजियाचा (रक्त मिसळलेल्या द्रावणाचा) असेल तर साधारण किलोमागे १० ते १५ मिली, मिनिटाला २५० ते ३५० मिली वेगाने. रूटमधला दाब ६० ते ८० च्या आसपास हवा. पंपाच्या पडद्यावर दिसणारा लाइनचा दाब याहून बराच जास्त असतो, कारण बारीक कॅन्युलातून जाताना दाब खर्ची पडतो. दोन्हींत गल्लत करू नका. रूटला दाबाची वेगळी लाइन नसेल तर सर्जनचं बोट हेच मीटर: महाधमनीचं मूळ भरलेलं लागलं पाहिजे, लिबलिबीतही नको आणि दगडासारखं ताठही नको.

आता मॉनिटर बघा. सुरुवातीच्या सेकंदांत ठोके मंद होतात, क्यूआरएस रुंदावतो, मग लांबलांब एखादाच ठोका, आणि साधारण मिनिटभरात सरळ रेषा. डोस मात्र तिथे थांबवायचा नाही. हृदय थांबलं याचा अर्थ पोटॅशियम पोचलं. अडथळ्यापलीकडच्या भागात पुरेसं गार द्रावण पोचलंय का, हे रेषा सांगत नाही. ठरलेली मात्रा पूर्ण द्या.

मिनिट-दीड मिनिट उलटूनही हृदय चालूच असेल तर नुसतं "आणखी द्या" म्हणू नका, कारण शोधा. क्लॅम्प पूर्ण आडवा बसलाय का, की एका कोपऱ्यातून पंपाचं गरम रक्त आत येतंय? प्लेजियाच्या लाइनवर एखादा क्लॅम्प राहिलाय का? द्रावणात पोटॅशियम घातलंय का? हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. डावा व्हेंट्रिकल फुगतोय का? फुगत असेल तर झडप गळतेय: देणं थांबवा, व्हेंटने रिकामा करा, आणि मागून द्या किंवा महाधमनी उघडून कोरोनरीच्या मुखांत थेट द्या. जुनी लिमा चालू असेल तर तीवर बुलडॉग (छोटा क्लॅम्प) लागलाय का? तो नसेल तर लिमातून गरम रक्त आत जात राहतं आणि समोरची भिंत थांबायचं नाव घेत नाही.

पायरी ५: द्रावण कुठलं?

पोटॅशियम वाढवलं की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब उणे ८५-९० मिलिव्होल्टवरून उणे ५० च्या आसपास येतो, सोडियमची दारं मिटून जातात आणि नवा ठोका उमटत नाही. तत्त्व एवढंच. सगळी मेख प्रमाणात आहे. १९५५ मध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवलं, पण ते प्रमाण इतकं तीव्र होतं की स्नायूलाच इजा व्हायची. त्यामुळे ही कल्पना बरीच वर्षं अडगळीत पडली. १९७० च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सौम्य द्रावण तयार झालं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत लिटरमागे पोटॅशियम १६ मिलिमोल आणि मॅग्नेशियमही १६ मिलिमोल असतं. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळी वाट धरली: सोडियमच अगदी कमी करायचं आणि हिस्टिडिनने आम्लता शोषून घ्यायची. अमेरिकेत जेरल्ड बकबर्ग यांनी रक्तच वाहक म्हणून वापरलं, चार भाग रक्ताला एक भाग द्रावण. रक्त स्वतः ऑक्सिजन आणतं, आम्लता सावरतं, शिवाय त्यात फ्री रॅडिकल्सना आवरणारी यंत्रणा तयारच असते.

सध्या ज्याची चर्चा जास्त असते तो डेल निडो प्लेजिया मुळात लहान मुलांच्या हृदयांसाठी पिट्सबर्गमध्ये तयार झाला. यात प्रमाण उलटं: एक भाग रक्त, चार भाग द्रावण. त्यात पोटॅशियमबरोबर लिडोकेन, मॅग्नेशियम, मॅनिटॉल आणि बायकार्बोनेट. पोटॅशियमने थांबलेल्या पेशीतही थोडं सोडियम आणि कॅल्शियम झिरपत राहतं. ते रोखायचं काम लिडोकेन आणि मॅग्नेशियम करतात. मोठ्यांमध्ये किलोमागे २० मिली, जास्तीत जास्त साधारण एक लिटर, आणि एका डोसवर सहसा ६० ते ९० मिनिटं निघतात. दर १५-२० मिनिटांनी सर्जनला थांबवावं लागत नाही, हा त्याचा खरा मोह.

माझं म्हणणं विचाराल तर, सरळ बायपासमध्ये तुमच्या टीमला जो अंगवळणी पडलाय तो प्लेजिया सगळ्यात सुरक्षित. एका डोसच्या पद्धतीबद्दल मात्र एक सावधगिरी. बायपासच्या रुग्णात धमन्याच बंद असतात, त्यामुळे तो एकमेव डोस सगळीकडे सारखा पसरेलच असं नाही. जाड स्नायू, लांबणारी केस, गंभीर उजवी कोरोनरी यांपैकी काही असेल तर ९० मिनिटांची वाट न बघता, ग्राफ्टमधून (अडथळ्यापलीकडे जोडलेल्या नव्या रक्तवाहिनीतून) किंवा मागून, आधीच अर्धा डोस दिलेला बरा. आणि ब्रेटश्नायडरचं द्रावण मोठ्या प्रमाणात रक्तात मिसळलं की सोडियम झपाट्याने खाली येतं, हे भूलतज्ज्ञाला आधी माहीत असू द्या.

पायरी ६: मागून देणं

कोरोनरी सायनसमध्ये फुगा असलेला कॅथेटर घालून शिरांच्या वाटेने, उलट दिशेने द्रावण द्यायचं. पुढच्या धमन्या बंद असल्या तरी शिरा मोकळ्या असतात, म्हणून ही पद्धत बायपासमध्ये कामाची. फ्लो मिनिटाला साधारण २०० मिली आणि सायनसमधला दाब ४० मिमीच्या आत. त्यावर गेलात तर सायनस फाटण्याची आणि स्नायूला सूज येण्याची भीती.

हा दाबच तुम्हाला कॅथेटर कुठे आहे ते सांगतो. फ्लो २०० आणि दाब जेमतेम पाच-दहा? कॅथेटर उजव्या एट्रियममध्ये निसटलाय, किंवा ती डावी व्हेना केव्हा आहे. फ्लो थोडा आणि दाब एकदम साठ? टोक खूप आत जाऊन भिंतीला टेकलंय. मागच्या भिंतीवरच्या शिरा फुगून गडद दिसू लागल्या की द्रावण पोचतंय असं समजा.

या पद्धतीची लंगडी बाजू म्हणजे उजवा व्हेंट्रिकल. त्याच्या बऱ्याच शिरा सायनसमध्ये न येता थेट हृदयाच्या कप्प्यांत उघडतात. कॅथेटर खोल गेला असेल तर उरलेल्या शिराही सुटतात. म्हणजे उजवी कोरोनरी उगमाशी बंद असलेल्या रुग्णात पुढून दिलेलं पोचत नाही आणि मागून दिलेलंही पोचत नाही. अशा वेळी उजव्या बाजूचा व्हेन ग्राफ्ट आधी शिवायचा आणि त्याच ग्राफ्टमधून प्लेजिया सोडायचा. फाइल वाचताना उजव्या कोरोनरीचा उगम बघून ठेवा म्हटलं, ते यासाठी.

पायरी ७: टाके चालू असताना

ब्लड प्लेजिया असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी पुढचा डोस, कमी पोटॅशियमचा. परफ्युजनिस्टने वेळ मोठ्याने सांगायची: "१५ मिनिटं झाली." सर्जन म्हणेल, "दोन टाके राहिलेत." दोन टाके ठीक; अख्खी अॅनास्टोमोसिस (ग्राफ्टचा जोड) राहिली असेल तर नाही. हा संवाद रोजचा आहे. त्यात परफ्युजनिस्टने गप्प बसायचं नसतं.

मॉनिटरवर किंचितशी हालचाल, एखादा पी वेव्ह, हृदयावर बारीक थरथर दिसली तर वेळ झालेली नसली तरी डोस द्या. मेडियास्टिनमकडून येणाऱ्या लहानसहान रक्तवाहिन्यांतून पंपाचं रक्त हृदयात झिरपत असतं आणि ते द्रावण धुऊन नेतं. पंपाचा दाब उगाच चढा ठेवलात तर हे धुणं वाढतं.

प्रत्येक व्हेन ग्राफ्ट शिवून झाला की त्यातून थोडा प्लेजिया सोडून बघा. त्या भागाला संरक्षण मिळतं, शिवाय जोड गळतोय का आणि ग्राफ्टला पीळ पडलाय का तेही कळतं. लिमा सहसा शेवटी. बाहेरून गार सलाइन ओतणं ठीक, पण बर्फाचा चुरा पेरिकार्डियमच्या डाव्या बाजूला साचू देऊ नका; फ्रेनिक नर्व्ह गारठून डायफ्रामची डावी बाजू लुळी पडते आणि मग व्हेंटिलेटर सुटायला दिवस लागतात.

पायरी ८: क्लॅम्प काढणं

उपाशी पेशीला अचानक भरपूर ऑक्सिजन, भरपूर कॅल्शियम आणि जोराचा दाब मिळाला की ती सावरण्याऐवजी फुटते. आतली आम्लता झटकन धुतली जाते, त्या बदल्यात सोडियम आणि पाठोपाठ कॅल्शियम आत शिरतं, मायटोकॉन्ड्रिया निकामी होतात, तंतू आखडून बसतात. म्हणून पुरवठा परत देतानाही हात आखडता ठेवायचा.

क्लॅम्प काढण्याआधी बऱ्याच ठिकाणी गरम रक्ताचा शेवटचा डोस देतात. थांबलेल्या अवस्थेतच पेशींना थोडा ऑक्सिजन आणि ऊर्जा मिळावी हा हेतू. त्यानंतर परफ्युजनिस्ट फ्लो उतरवतो, क्लॅम्प निघतो, पहिली काही मिनिटं सरासरी दाब ५० च्या आसपास ठेवतात आणि मग हळूहळू वर नेतात. या काळात कॅल्शियम देऊ नका. ठोके मंद आहेत, दाब कमी आहे, म्हणून कॅल्शियमची सिरिंज उचलायचा मोह होतो. पाच-दहा मिनिटं तरी आवरा.

बऱ्याचदा हृदय आपण होऊन लय पकडतं. फायब्रिलेशन आलं तर आधी व्हेंट चालू आणि हृदय रिकामं आहे ना ते बघा, पोटॅशियम, मॅग्नेशियम, तापमान तपासा, आणि १० ते २० ज्यूलचा शॉक आतल्या पॅडलने. दोन-तीन शॉकनंतरही तेच चालू राहिलं तर शॉक मोजत बसू नका: लिडोकेन किंवा अॅमिओडॅरोन, आणि कुठला ग्राफ्ट पिळलाय का याचा शोध.

आणि हवा. उजव्या कोरोनरीचं मुख रुग्ण उताणा असताना वरच्या बाजूला असतं, म्हणून उरलेला बुडबुडा बहुधा तिथेच शिरतो. दिसतं ते असं: सगळं छान चाललेलं असताना उजवा व्हेंट्रिकल एकदम मंदावतो, फुगतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या लीडमध्ये एसटी चढतो. काही वेळा धमनीत हवेचे बारीक मणी सरकताना डोळ्यांनीही दिसतात. घाबरायचं नाही. रूट व्हेंट चालू, पंपावरच थांबा, दाब ७०-८० पर्यंत चढवा. काही मिनिटांत हवा पुढे ढकलली जाते. तसं झालं नाही तर तो बुडबुडा नसून उजव्या ग्राफ्टची भानगड आहे.

पायरी ९: पंपावरून उतरणं

हृदयाला रिकामं, धडधडत, बिनकामाचं काही मिनिटं चालू द्या. उपासमार जितकी लांबली, तितकी ही विश्रांती लांबवा. तोवर तापमान ३६.५ च्या आसपास आणा. धमनीतून जाणारं रक्त ३७ च्या वर तापवायचं नाही. पोटॅशियम ४ ते ५, व्हेंटिलेटर चालू, पेसिंग वायर जोडलेल्या. ठोका मंद असेल तर आधी एट्रियम आणि मग व्हेंट्रिकल अशा क्रमाने ८०-९० ला पेस करा; आखडलेल्या व्हेंट्रिकलला एट्रियमची ती शेवटची भर फार लागते.

ग्राफ्टचा फ्लो मोजण्याची सोय असेल तर ती वापराच. फ्लो मिनिटाला २० मिलीच्या वर आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स ५ च्या खाली असला तर सहसा निर्धास्त. फुकट गेलेल्या ग्राफ्टची भरपाई कुठल्याच इनोट्रोपने (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाने) होत नाही.

भरताना थोडं थोडं भरा, एकोकडे बघत. व्हेंट्रिकल दमतोय असं दिसलं तर अॅड्रेनालिन किंवा मिल्रिनोनसारखं औषध कमी मात्रेत वेळेवर सुरू करा. तरी जमत नसेल तर पुन्हा पंपावर जाऊन विश्रांती द्या आणि बलून पंपाचा विचार लवकर करा. बलून डायस्टोलमध्ये फुगतो, कोरोनरीत रक्त ढकलतो आणि सिस्टोलच्या तोंडाशी मिटून हृदयाचं ओझं हलकं करतो. प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) हळू, दाब कोसळण्याचा शेवटचा सापळा तोच.

पंपाविना केलेल्या बायपासचं काय?

तिथे क्लॅम्प नाही आणि प्लेजिया नाही, पण हृदय पूर्ण काम करत असताना एकेक धमनी काही मिनिटं बंद करतात. इथे संरक्षण म्हणजे दाब आणि ठोके. हृदय उचलून मागची भिंत शिवताना दाब पडतो. टेबल डोक्याकडून खाली करा, थोडं द्रव द्या, नॉरअॅड्रेनालिन चालू ठेवा. धमनीत बारीक शंट (नळी) घालून रक्त चालू ठेवता येतं. मोठी उजवी कोरोनरी बंद केली की हार्ट ब्लॉक येऊ शकतो, म्हणून पेसिंग आधीच जोडून ठेवा. लिमा ते एलएडी (डाव्या बाजूची, पुढून उतरणारी कोरोनरी) हा जोड आधी करून घेतला की पुढच्या उचलाउचलीला हृदय जास्त टिकतं. ४,७५२ रुग्णांच्या 'कोरोनरी' नावाच्या मोठ्या चाचणीत ३० दिवसांनी आणि पाच वर्षांनीही दोन्ही पद्धतींचे मुख्य निकाल जवळपास सारखेच निघाले. तेव्हा पद्धतीवरून भांडू नये. मात्र दाब सावरेनासा झाला तर वेळेत पंपावर जायचं. हट्टाने ताणलेली आणि घाईगर्दीत पंपावर नेलेली केस सगळ्यात वाईट.

काही उपायांचा गाजावाजा झाला, पण बायपासमध्ये ते टिकले नाहीत. दंडाला पट्टा बांधून, फुगवून-सोडून हृदयाला आधीच सावध करायची कल्पना प्राण्यांमधल्या प्रयोगांत सुरेख दिसली. २०१५ मध्ये एरिका आणि रिपहार्ट या दोन मोठ्या चाचण्यांत रुग्णांना तिचा फायदा दिसला नाही. वायुरूप भूल हृदय जपते अशीही समजूत होती. २०१९ च्या मिरियाड चाचणीत सुमारे ५,४०० रुग्णांमध्ये वर्षभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही. तुमच्याकडे जी भूल चांगली बसलीय ती द्या.

पायरी १०: आयसीयूतले पहिले दोन दिवस

थकलेल्या हृदयाचं काम शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा तासांनी सगळ्यात खाली जातं आणि मग सावरतं. ओटीतून छान आलेला रुग्ण रात्री ढेपाळला तर हे आठवा, पण "स्टनिंगच (स्नायूचा तात्पुरता शिणवटा) असेल" म्हणून मोकळे होऊ नका. आधी रक्तस्राव, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून दाब येणं), ग्राफ्ट बंद पडणं आणि लिमाचा आकस या चार शक्यता खोडून काढा. ड्रेन अचानक थांबलेला, सेंट्रल व्हीनस दाब चढता आणि लघवी घटलेली, असं दिसलं तर एकोची वाट बघत सर्जनला उशिरा फोन करायचा नसतो.

ट्रोपोनिन (दुखावलेल्या हृदयस्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) प्रत्येकाचं वाढतं, कारण सुया, शॉक आणि क्लॅम्प यांची थोडी इजा ठरलेलीच आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ४८ तासांत ते सामान्य मर्यादेच्या दहापटीवर जाणं आणि जोडीला नवी क्यू वेव्ह, भिंतीची हालचाल नव्याने बंद पडणं किंवा अँजिओग्राफीतला अडथळा, असं दोन्ही असेल तर त्याला शस्त्रक्रियेशी निगडित हार्ट अटॅक म्हणतात. म्हणून एका आकड्यापेक्षा चढता आलेख आणि ईसीजी एकत्र वाचा. एकाच धमनीच्या हद्दीत एसटी चढलेला असेल आणि औषधं वाढवूनही दाब टिकत नसेल, तर कॅथ लॅबला कळवायची वेळ झाली.

पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम पुरेसं, कापरं भरू द्यायचं नाही, वेदना आटोक्यात. कुडकुडणाऱ्या रुग्णाचा ऑक्सिजनचा खर्च कितीतरी वाढतो. रक्तस्राव थांबला असेल तर सहा तासांच्या आत अॅस्पिरिन. दाब स्थिर होताच बीटा ब्लॉकर पुन्हा सुरू, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एट्रियल फायब्रिलेशन साधारण दर तीन-चार जणांत एकाला गाठतं आणि बीटा ब्लॉकर तोडलेल्यांना जास्त.

ओटीतून येणाऱ्या कागदावर पाच गोष्टी नसतील तर त्या मागून घ्या: क्लॅम्प किती वेळ होता, शेवटचा प्लेजिया आणि क्लॅम्प निघणं यांत किती वेळ गेला, क्लॅम्प काढल्यावर कुठली लय आली, प्रत्येक ग्राफ्टचा फ्लो, आणि शेवटच्या एकोत उजवा व्हेंट्रिकल कसा होता.